दिल्याने टिकणारी मिरची

कळमेश्वर तालुक्यात जानेवारी म्हणजे लाल मिरची वाळवायचे दिवस. गच्चीवर, आंगणात, जुन्या लुगड्यावर मिरची पसरलेली असते आणि तिचं वर्षभराचं तिखट व्हायचं असतं. ती कांडपाला नेण्याआधी घरातली जाणती बाई ढिगातून पाच-दहा फळं निवडून वेगळी काढते. ती बियाची. मृग लागायच्या आत त्यांचं बी वाफ्यात पडतं, पण सगळं पडत नाही. थोडं बहिणीच्या गावी गेलेलं असतं, थोडं शेजारच्या कुंपणापलीकडे, थोडं एमआयडीसीत सोबत काम करणाऱ्या कुणाच्या क्वार्टरमागच्या कुंडीत.

या वाटून गेलेल्या बियांबद्दल हे प्रकरण आहे. मिरचीचं एखादं वाण एका घरात कितीही जीव लावून जपलं तरी फार काळ टिकत नाही. बरणीतलं बी साधारण दोन-तीन वर्षांत उगवणं सोडू लागतं, म्हणून ते पुन्हापुन्हा पेरावंच लागतं. एका वर्षी पाऊस बिघडतो, दुसऱ्या वर्षी बोकड्या येऊन पानं आवळतात, तिसऱ्या वर्षी घरात लग्न निघतं आणि वाफा टाकायचाच राहतो. तीन वर्षं अशी गेली की आजीच्या हातची मिरची कायमची गेली. हेच बी चार घरांत असलं तर एका घरातलं संपल्यावर दुसऱ्या घरातून चिमूटभर मागून आणता येतं. बी जपायचं असेल तर ते द्यावं लागतं, असं माझं मत आहे, आणि कसं द्यावं याला बरंच शास्त्र आहे.

मिरची आपल्या देशात आली तीच मुळी अशा हातोहात. ती मूळची अमेरिका खंडातली. तिथे माणसाने तिच्या पाच जाती लागवडीखाली आणल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी आणि आल्याचा. मिऱ्याचा वेल पाऊस, सावली आणि आधाराचं झाड मागतो. तो विदर्भाच्या उन्हात जगत नाही. मिरचीचं रोप मात्र कुठल्याही परसात चार महिन्यांत फळ देतं, आणि एका फळात पन्नास-साठ बिया सहज निघतात. तेव्हा बियाण्याची दुकानं नव्हती, कृषी खातं नव्हतं, कुणी मोहीम काढलेली नव्हती. बाजारहाट करणारे, लमाणांचे तांडे, यात्रेकरू, सासरी जाणाऱ्या मुली यांच्या हातून ती गावोगाव पसरली असणार. दुसरा मार्गच नव्हता. जिथे पोचली तिथे त्या घराने आपल्या जिभेला, जमिनीला आणि पावसाला साजेशी फळं निवडून पुढे पेरली. काणकोणची खोला, पेडण्याकडची हरमल, ब्याडगी, संकेश्वरी, भिवापुरी, घरोघरची लवंगी या मिरच्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या झाल्या त्या या निवडीमुळे. साडेचारशे वर्षांत एवढी विविधता तयार झाली ती कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय.

माणसाच्याही आधी हे वाटप पक्षी करत होते. मिरचीतला जहाल पदार्थ म्हणजे कॅप्सेसिन. सस्तन प्राण्यांच्या जिभेवर आणि कातडीत उष्णता ओळखणारं एक ग्राहक प्रथिन असतं, त्यालाच कॅप्सेसिन जाऊन चिकटतं आणि मेंदूला वाटतं की आपण भाजतो आहोत. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये शोधलं आणि त्या कामासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या अंगातलं हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून बुलबुलाला लवंगी मिरची तिखट लागत नाही. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाबहान यांनी 2001 मध्ये ॲरिझोनातल्या रानमिरचीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की उंदरासारखे प्राणी तिखट फळ टाळतात, आणि बिनतिखट मिरची खाल्ली तरी त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवत नाही; पक्ष्याच्या पोटातून गेलेलं मात्र उगवतं. तिखटपणा हे मिरचीने आपलं बी कुणाच्या हवाली करायचं हे ठरवायचं साधन आहे. कळमेश्वरात तारेच्या कुंपणाखाली आपोआप उगवलेली लवंगी दिसते ती या पाहुण्यांची देणगी. तिला नाव नसतं, गाव नसतं. माणूस बी देतो तेव्हा सोबत माहितीही देऊ शकतो, आणि ती दिली नाही तर आपल्या देण्यात आणि बुलबुलाच्या देण्यात फरक उरत नाही.

नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला बी हरवणं म्हणजे काय हे समजून घ्यायला लांब जावं लागत नाही. भिवापूर याच जिल्ह्यात, पण दुसऱ्या टोकाला, उमरेडच्या पुढे. तिथल्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागांवर, बाया बसून मिरचीचे मुक्के, म्हणजे देठ, तोडतात, आणि या मिरचीच्या लाल रंगाचं नाव दूरच्या बाजारांपर्यंत गेलेलं. पुढे संकरित वाणं आली, जास्त उत्पन्नाची ओढ आली, कीड-रोग वाढले, काही वावरांत मिरचीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला, आणि अस्सल भिवापुरीखालचं क्षेत्र आक्रसत गेलं. 2016-17 या वर्षात भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहेच, पण मानांकन नावाचं रक्षण करतं. दुसऱ्या भागातली मिरची भिवापुरी म्हणून विकली तर कायदा आडवा येतो. बी टिकवण्याचं काम मात्र कायदा करत नाही. ते कुणाच्या तरी वाफ्यात दरवर्षी उगवावंच लागतं. म्हणून भिवापूर, उमरेड, कुही या भागात ज्यांचं नातं आहे त्यांनी तिकडच्या जुन्या घरांत भिवापुरीचं बी मागून पाहावं असं मला मनापासून वाटतं. कळमेश्वरच्या आंगणात ती लावली तर बाजारात विकताना भिवापुरी म्हणता येणार नाही, पण वाण एका घराने वाढेल.

आता फुलाकडे येऊ, कारण देवाणघेवाणीतले सगळे घोटाळे फुलात सुरू होतात.

मिरचीचं फूल पांढरं, लहान, बहुतेक खाली मान घातलेलं. नर आणि मादी दोन्ही भाग एकाच फुलात, म्हणून ते स्वतःच्याच परागाने फळू शकतं. यावरून पुष्कळ जण समजतात की मिरचीचं बी आपोआप शुद्धच राहतं. तसं नाही. फूल सकाळी उमलतं आणि परागकोश फुटतात ते त्यानंतर थोड्या वेळाने. अनेक वाणांत मादीचं टोक परागकोशांच्या बाहेर डोकावत असतं. त्या मधल्या वेळात फुलोरी किंवा सातेरी माशी शेजारच्या झाडावरून पराग घेऊन आली की संकर झाला. वेगवेगळ्या ठिकाणच्या अभ्यासांत मिरचीतल्या परसंकराचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खालीही मिळालं आहे आणि नव्वदच्या आसपासही. जागा, वाण आणि माशांची वर्दळ यावर ते ठरतं. म्हणूनच प्रमाणित बियाण्यासाठी भारत सरकारच्या नियमांत मिरचीच्या दोन वाणांमध्ये 200 मीटर अंतर लागतं, आणि ज्या बियाण्यापासून पुढे प्रमाणित बियाणं करायचं त्या पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर.

दोनशे मीटर म्हणजे कळमेश्वरातल्या वस्तीची एक अख्खी गल्ली. तेवढ्यात पंधरा आंगणं येतात आणि प्रत्येकात वेगळी मिरची: एकीकडे ज्वाला, एकीकडे लवंगी, कुणाच्या कुंडीत शिमला, तर कुणी हौसेने भूत जोलोकिया आणलेली. अशा गल्लीत उघड्या फुलांतून काढलेलं बी देताना ‘ही आमचीच मिरची’ असं छातीठोक सांगता येत नाही.

इथे एक समज दूर करायला हवा, कारण त्यावरून शेजाऱ्यांची भांडणंही होतात. ‘तुमच्या तिखट मिरचीशेजारी लावली म्हणून आमची शिमला यंदा तिखट झाली’ हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे. ते खरं असू शकत नाही. फळाचा गर, साल आणि आतला पांढरा गाभा हे सगळं आईझाडाचं शरीर. पराग कुणाचाही असो, त्या फळाची चव आईझाडच ठरवतं. संकराचा परिणाम होतो तो फक्त बियांच्या पोटातल्या अंकुरावर. तो दिसतो पुढच्या वर्षी, ते बी पेरून आलेल्या झाडावर. मिरचीत तिखटपणा असेल की नसेल हे मुख्यतः एका जनुकावर अवलंबून असतं आणि तिखटपणाचा गुण प्रबळ असतो. म्हणून शिमल्याच्या फुलाला लवंगीचा पराग लागला तर यंदाची शिमला गोडच राहील. पण तिचं बी तुम्ही मैत्रिणीला दिलंत तर पुढच्या वर्षी तिच्या घरी शिमल्याच्या भाजीने सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. घोटाळा देणाऱ्याच्या आंगणात होतो आणि उघडकीला येतो घेणाऱ्याच्या ताटात. बी देणाऱ्यावर जबाबदारी येते ती नेमकी यामुळे.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरला आणि ऊन सुसह्य झालं की बियाच्या झाडाची एक फांदी निवडायची. तिच्यावरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं काढून टाकायची, फक्त बंद कळ्या ठेवायच्या. मग मलमलची किंवा बारीक जाळीच्या कापडाची पिशवी त्या फांदीवर चढवून तोंड सुतळीने सैल बांधायचं. रोज सकाळी फांदी हलकेच झटकायची म्हणजे पराग आतल्या आत पडतो. दोन आठवड्यांत वाटाण्याएवढ्या मिरच्या दिसल्या की पिशवी काढायची आणि त्या प्रत्येक मिरचीच्या देठाला रंगीत धागा बांधायचा. धागा विसरलात तर सगळी मेहनत वाया; मिरच्या लाल झाल्यावर झाकलेली कुठली आणि उघडी कुठली हे कुणालाही ओळखता येत नाही. हेच काम मे महिन्यात करू नये. नागपूरकडे पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा फुलंच गळून पडतात, पिशवीत तर आणखी उकाडा.

याहून चांगला उपाय गल्लीने मिळून करायचा. बियाची देवाणघेवाण करणाऱ्या पाच-सहा घरांनी उन्हाळ्यातच बसून ठरवावं की यंदा कुणी कुठल्या मिरचीचं बी धरायचं. प्रत्येक घर खाण्यासाठी हवी ती मिरची लावेल, पण बियासाठी एकच, आणि ती पिशवीखाली. पाच घरांत पाच वाणं शुद्ध राहतील आणि वर्षाअखेरीस पाचही सगळ्यांकडे जातील. एकट्याने पाच वाणं सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

बी कशाचं धरावं, याबद्दल आपल्याकडे एक जुनी सवय आहे: वाळवणातली सगळ्यात लांब, सगळ्यात लाल मिरची उचलायची. दिसायला ते बरोबर वाटतं, पण ढिगात पडलेल्या मिरचीचं झाड कसं होतं हे कुणाला आठवत नाही. निवड फळाची नव्हे, झाडाची करायला हवी, आणि ती जानेवारीत नव्हे, सप्टेंबरात. त्या दिवसांत फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांनी आंगणातली अर्धी झाडं आवळून टाकलेली असतात. त्यातही जे झाड पानं ताठ ठेवून उभं आहे आणि फळ धरतं आहे, त्याला तेव्हाच खूण करून ठेवा. कदाचित त्या झाडात रोगाला तोंड देण्याचा गुण असेल, कदाचित ते नुसतं नशिबाने वाचलं असेल. दोन-तीन वर्षं अशीच निवड केली की दोन्हींतला फरक आपोआप कळतो. एकाच झाडाचं बी धरू नये. पाच-सहा चांगल्या झाडांची फळं घेऊन बी एकत्र केलं तर वाणाच्या अंगातले सगळे गुण पुढे जातात.

फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची आणि तोडल्यावर आठवडाभर सावलीत ठेवायची. या काळात आतलं बी पक्कं होतं. ज्या फळावर खोलगट काळे डाग आहेत ते कितीही मोठं असलं तरी बियाला घेऊ नये, कारण फळकुजीची बुरशी बियाला चिकटून पुढच्या घरी पोचते. तंबाखूचा मोझॅक हा विषाणूही असाच प्रवास करतो. तो वाळलेल्या तंबाखूत टिकून राहतो आणि माणसाच्या बोटांवरून रोपाला लागतो. आपल्या भागात खर्रा घोटणारे हात घरोघर आहेत, तेव्हा मिरचीची रोपं लावण्याआधी आणि बी काढण्याआधी हात साबणाने धुण्याचा नियम आंगणात पक्का करावा.

बी काढताना हातमोजे नसतील तर बोटांना गोडंतेल चोळावं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. नंतर साबणाने धुतलं की आग राहत नाही. तिखटपणाचा उगम बियांत नसून ज्या पांढऱ्या गाभ्याला त्या चिकटलेल्या असतात त्यात आहे. बिया तिखट लागतात त्या गाभ्याच्या संगतीने.

वाळवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अमेरिकन बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी एक उपयोगी हिशेब सांगितला आहे: बियातला ओलावा एक टक्क्याने कमी केला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान सुमारे 5 अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. बियाणं प्रमाणनाच्या नियमांत मिरचीच्या बियातला ओलावा 8 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. नागपूरकडची डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा यासाठी फार चांगली. सावलीत, वर्तमानपत्रावर, वारा लागेल अशा जागी पंधरा दिवस ठेवलं की पुरे. बी दुमडून पाहावं: वाकलं तर ओलं, कटकन मोडलं तर वाळलं. तेच बी उन्हाळ्यात पत्र्यावर टाकलं तर अंकुर भाजून निघतो. वरून बी छान पिवळं दिसतं आणि उगवत मात्र नाही.

पूर्वीच्या बाया वाळलेलं बी गाडग्यात राखेत मिसळून, वर कडुनिंबाचा पाला घालून ठेवत. राख ओलावा ओढते आणि किडीला जवळ येऊ देत नाही, म्हणून ती पद्धत टिकली. आज घट्ट झाकणाची काचेची बाटली, तळाशी कापडात बांधलेले कोरडे भाजलेले तांदूळ आणि वर बियाची कागदी पुडी, एवढं केलं की राखेचंच काम होतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम. लाल मिरचीची माळ तशीच खुंटीला टांगून त्यातलं बी पुढच्या वर्षी काढायची पद्धत अजून दिसते. ती उन्हाळ्यापुरती ठीक. पहिला पाऊस पडला की माळ हवेतला ओलावा शोषून घेते आणि बी पुन्हा नरम होतं.

देण्याआधी बियाची परीक्षा घ्यावी. वीस बिया ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, उबेला. मिरचीला घाई नसते. दहा-चौदा दिवस लागतात. वीसपैकी बारा उगवल्या म्हणजे 60 टक्के, आणि प्रमाणित बियाण्यासाठीही सरकारची किमान अट तेवढीच आहे. आठ उगवल्या तर देताना स्पष्ट सांगावं की दाट पेरा.

आणि मग पुडीवर लिहावं. नुसतं ‘मिरची’ किंवा ‘तिखट मिरची’ लिहिलेल्या पुड्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. दोन वर्षांनी त्यांचा उपयोग शून्य. आपल्या घरात मिरचीला जे नाव आहे ते लिहावं, मग ते कुठल्या पुस्तकात नसलं तरी. बी मूळ कुठल्या गावचं, कुणाकडून आलं, कुठल्या वर्षीचं, फूल झाकलं होतं की उघडं, फळ वर तोंड करून लागतं की खाली लोंबतं, आणि घरात ती कशाला वापरतात: ठेच्याला, सावजी रश्श्याला, की दही घालून वाळवायला. शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. ठेच्याची मिरची तिखटासाठी निवडत गेलं तर चार पिढ्यांत ती दुसरीच होते. भूत जोलोकियासारखं जहाल वाण देत असाल तर पुडीवर ठळक इशारा हवा. 2007 मध्ये गिनेस बुकाने तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हटलं होतं. घरात लहान मूल असणाऱ्याला न सांगता ती देणं बरं नाही.

दुकानातून आणलेल्या पाकिटातल्या मिरचीचं बी द्यावं का? पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ असेल तर पहिल्या वर्षीची सगळी झाडं सारखी येतात, पण त्यांचं बी पेरल्यावर आज्या-आजोबांचे गुण वेगवेगळ्या मेळाने बाहेर पडतात. कुणाची मिरची लांब, कुणाची आखूड, कुणाची फिकी. असं बी ‘अमुक कंपनीची मिरची’ म्हणून दिलं तर घेणारा फसतो. पण ते फेकून द्यावं असंही नाही. त्या गोंधळातून आवडलेलं झाड निवडत, पिशवीखाली स्वतःच्याच परागाने फळवत गेलं तर दर पिढीला मिश्रता निम्मी होते. पहिल्या पेरणीत निम्मी उरते, मग पाव, आणि सहाव्या पिढीला दोन टक्क्यांच्याही आत. तेव्हा ते स्वतंत्र, स्थिर वाण झालेलं असतं आणि त्याला तुम्ही नाव देऊ शकता. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा ज्वाला हे वाण असंच, दोन मिरच्यांचा संकर करून त्यातून निवड करत काढलं. आज ज्वाला देशभर लोकांच्या आंगणात आहे आणि तिचं बी घरी धरता येतं.

बियाची अदलाबदल कायद्यात बसते का, अशी भीती अलीकडे ऐकू येते. शेतकऱ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा; त्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे, अगदी संरक्षित वाणाचंसुद्धा. मनाई आहे ती ब्रँडच्या नावाखाली पाकीटबंद करून विकायला. 1966 च्या बियाणे कायद्याच्या 24 व्या कलमातही, स्वतः पिकवलेलं बी आपल्या जागेवरून दुसऱ्याला थेट पेरण्यासाठी देणाऱ्याला सूट आहे. आंगणातल्या चिमूटभर बियाच्या पुडीला घाबरायचं काही कारण नाही.

देशाबाहेरची गोष्ट वेगळी. अमेरिकेत किंवा युरोपात राहणारी मुलगी गावाकडच्या मिरचीचं बी मागते आणि आई ते मसाल्याच्या डब्यात लपवून पाठवते, हे प्रेम मला समजतं, पण करू नये. प्रत्येक देशाचे वनस्पती संगरोधाचे नियम आहेत. भारतात येणाऱ्या बियांसाठी 2003 चा आदेश आहे आणि परवाना व रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हे नियम उगाच नाहीत. टोमॅटो आणि मिरचीवर येणारा रुगोज नावाचा विषाणू दशकभरात इस्राएल-जॉर्डनकडून कितीतरी देशांत पोचला, तो मुख्यतः बियाच्या व्यापारावर स्वार होऊन. परदेशातल्या मुलीला वाणाचं नाव सांगा, फोटो पाठवा, आणि रीतसर कागदपत्रांनी मागवता येतं का ते तिला तिथल्या कृषी खात्यात विचारू द्या.

संघटित देवाणघेवाण कशी वाढते याची दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. अमेरिकेत डायान ऑट व्हीली आणि केंट व्हीली या जोडप्याने 1975 मध्ये सीड सेव्हर्स एक्स्चेंज सुरू केलं. डायानच्या आजोबांकडे बव्हेरियातून आलेल्या पूर्वजांनी आणलेल्या एका फुलवेलीचं बी होतं. आजोबांसोबत ते जाऊ नये म्हणून त्यांनी ज्याच्याकडे जुनं बी आहे अशा लोकांची यादी छापायला सुरुवात केली. कुणाकडे काय आहे आणि कुठे मागायचं, एवढीच ती यादी, पण त्यातून हजारो वाणं वाचली. दुसरं उदाहरण आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी घराभोवतीच्या परसबागेपासून सुरुवात करून भाज्यांची, कडधान्यांची, भाताची गावरान वाणं गोळा केली, बायफ संस्थेच्या साथीने बीज बँक उभी केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा गावपातळीवरच्या बीज बँकांत सहसा एक रीत असते: एक माप न्यायचं, पीक आलं की दोन मापं परत करायची. नागपुरातही बीजोत्सव भरतो आणि तिथे विदर्भातले शेतकरी गावरान बी घेऊन येतात. कळमेश्वरच्या बागकाम करणाऱ्यांना तो जवळच आहे.

परत करण्याची ही रीत मिरचीला तर फारच लागू पडते. आषाढीला धापेवाड्याच्या यात्रेचे दिवस येतात तेव्हा रोपं वाफ्यातून काढून लावायची वेळ झालेली असते. ज्यांना बी दिलं त्यांची रोपं कशी आली हे विचारायचा तो चांगला मोका. आणि दर तीन-चार वर्षांनी त्यांच्याकडून चिमूटभर बी परत मागून आपल्या बियाशेजारी, खूण करून, पेरावं. कळमेश्वरच्या काळ्या मातीत तुम्ही निवडत आलेली मिरची आणि नागपूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुंडीत निवडली गेलेली तीच मिरची एव्हाना थोडी वेगळी झालेली असेल: कुंडीतली बुटकी, लवकर फळणारी; आंगणातली उंच, उशिरा लागणारी पण जास्त दिवस तोडा देणारी. फरक फारच मोठा दिसला तर कुठेतरी परका पराग घुसला असं समजावं आणि दोन्ही घरांनी आपापल्या पुड्यांवरची नोंद काढून पाहावी. फरक थोडा असेल तर दोन्ही ठेवाव्या, दोन पुड्यांत, दोन नावांनी, आणि मागेल त्याला दोन्ही द्याव्या.